चढणीचे मासे

मृगाचा पाऊस पडून नदीचें पाणी गढूळ झालें, कीं मासे प्रवाहाच्या उलट वर चढूं लागतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतों. पोटांत अंडीं घेऊन ते उथळ पाण्याच्या शोधांत ओढ्यांपर्यंत येतात आणि नेमके तेथेंच टोपल्याटोपल्यांनीं धरले जातात. त्या एका टोपलींत पुढील सालचे किती मासे गेले, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. तो पूर्वीं कोणी मांडला आणि आज कोणी मांडावयास हवा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

राजेलोकांनीं तो मांडला होता. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत सम्राट अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत माशांच्या कांहीं जाती अवध्य ठरविल्या आणि ठराविक पौर्णिमा व उपोसथाच्या दिवशीं मासे मारण्यास, तसेंच विकण्यासहि, मनाई केली. लातूरच्या शेजारच्या कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' या ग्रंथांत माशांच्या जाती व त्यांचें खाद्य यांचें वर्णन केलें. हेतु मृगयेचा असला, तरी नदी पाहिल्यावांचून तें लिहितां आलें नसतें. इंग्लंडांत १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या सनदेंत थेम्स व मेडवे या नद्यांतील मासे अडविणारे बांध काढून टाकण्याचें कलम आहे. तिकडील सॅमन मासा समुद्रांतून आपल्या जन्मस्थानीं चढून येतो; वाट अडली, कीं त्याचा वंश खुंटतो.

परंतु राजाज्ञेपेक्षां कांठच्या माणसांचा पहारा अधिक टिकतो. महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळणकोंड नांवाचा डोह आहे. तेथील मासे देवीचे, या श्रद्धेनें गांवकरी त्यांस धरीत नाहींत. म्हणून इतरत्र दुर्मिळ झालेला महसीर तेथें निर्भयपणें हिंडतो. धाक देवीचा, पण राखण माणसांची.

आमच्या मराठवाड्यांत नदीशीं असलेला हा शेजार तुटत गेला आणि तो तोडण्यास माझाहि हातभार लागला. मांजरा नदी बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते व कंदकुर्ती येथें गोदावरीस मिळते, हें वाक्य मीं शेंकडों मुलांकडून घोकून घेतलें. नदीवर मात्र त्यांना एकदांहि नेलें नाहीं. माझ्या वर्गांत भूगोलांत नापास होणारा एक भोयाचा मुलगा होता. मरळ मासा कोठल्या डोहांत राहतो, वाम कोठें दडते, कोणता ओढा चढणीचा, हें तो बोटांवर मोजून सांगे. मीं त्याला गप्प बसविलें. आज वाटतें, त्या वर्गांत नदी एकट्या त्यालाच ठाऊक होती, मला नव्हे.

पुढें २०१६ सालचा एप्रिल महिना उजाडला. दुष्काळानें मांजरा आटली आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याच उन्हाळ्यांत नागरिकांनीं वर्गणी काढून मांजरेचें सुमारें १८ किलोमीटर पात्र खोल व रुंद करण्याचें काम हातीं घेतलें. हें खरोखर अभिमानास्पद होय. तथापि खोदलेल्या पात्रांत पाणी सांठतें. माशाला त्याखेरीज कांठची सावली, तळची वाळू व गोटे आणि वर जाण्याची मोकळी वाट लागते. हें काम यंत्राचें नव्हे, नित्य लक्ष ठेवणाऱ्या डोळ्यांचें आहे.

असे डोळे मुलांचे असतात. अमेरिकेंत वॉशिंग्टन राज्यांतील एव्हरेट शहरीं १९८० नंतरच्या दशकांत एका प्राथमिक शाळेच्या मुलांनीं केरकचऱ्यानें भरलेला पिजन नांवाचा ओढा साफ केला, वर्गांत वाढविलेलीं सॅमनचीं पिलें त्यांत सोडलीं आणि पुढें ते मासे खरोखरच परत आले. महाराष्ट्र शासनानेंहि २ ऑक्टोबर २०२२ रोजीं 'चला जाणूया नदीला' हें अभियान आरंभिलें. नांदेडच्या घाटांजवळील व मांजरेकांठच्या शाळांनीं एकेक डोह आपलासा करावा. दरमहा पाणी किती, मासे कोणते, सांडपाणी कोठून येतें, याची नोंद मुलांनीं वहींत ठेवावी. गुरुजी म्हणून वृद्ध भोयांस बोलवावें. त्यांचें पोट नदीवर आहे, त्यांना वगळून हें काम होणें नाहीं.

श्रोतेहो, येत्या मृगांत आपल्या मुलांना ओढ्याकांठीं घेऊन जा. मासे चढतांना त्यांनीं एकदां पाहिले, म्हणजे टोपलीचा हिशेब त्यांना शिकवावा लागणार नाहीं.