डुक्कर फियाटचं भूत

आमच्या गोठ्यात एक मोटार आहे. गोठ्यात गुरं असतात हे मान्य, पण आमच्याकडे बैलजोडी विकली त्या वर्षी जागा रिकामी झाली आणि गाडी तिथे गेली. ती तिथे पंचेचाळीस वर्षं होती. गावातली पोरं तिला 'भुताची गाडी' म्हणतात. आज त्या भुताबद्दल लिहायचं आहे. बरीच वर्षं लिहीन लिहीन म्हणत होतो, पण आधी स्वतःची खात्री करून घ्यायची होती.

गाव टेंभुर्णी. सोलापूरकडची, हायवेवरची टेंभुर्णी नव्हे, आमची जाफराबाद तालुक्यातली. (आमची पत्रं आयुष्यभर तिकडे जाऊन परत आली आहेत.) ज्या काळाची ही गोष्ट आहे तेव्हा जालना जिल्हा नव्हताच. तो १ मे १९८१ ला झाला. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. आणि त्याच्याही आधी, १९४८ पर्यंत, निजामाच्या राज्यात. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्त्यावरची वाहतूक सुरू केली होती, म्हणजे आमच्या मुलखाला मोटार अगदीच अनोळखी नव्हती. पण स्वतःच्या दारात मोटार असणं ही गोष्ट वेगळी. ती आबांनी, माझ्या आजोबांनी, १९६५ मध्ये केली. कापसाचे बरे पैसे आले होते. मुंबईहून जुनी गाडी आणली, १९५६ सालची फियाट अकराशे. हीच ती डुक्कर फियाट. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण समोरून एकदा पाहिली की दुसरं नाव सुचत नाही. पुढचे दरवाजे उलटे उघडतात, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला.

या गाडीमागे आपलाच एक माणूस आहे हे आबा मोठ्या अभिमानाने सांगत. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. जहाजं झाली, विमानांचा कारखाना झाला, मग कुर्ल्याला मोटारींचा कारखाना काढला. आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ जुळवायच्या, मग १९५१ पासून इटलीच्या फियाटच्या गाड्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की इथे सुटे भाग बनवणार असाल तरच राहा, नुसती जुळवाजुळव चालणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. त्याच वर्षी वालचंद वारले आणि पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये, ही अकराशे आली. तिचंच खानदान पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून नावारूपाला आलं आणि मुंबईची काळी-पिवळी झालं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा लोक हळहळले. माझ्या घरात कुणी हळहळलं नाही. त्याचं कारण १९७३.

मी तेव्हा सात वर्षांचा. १९७२ चा दुष्काळ संपला नव्हता. मे महिना. धाकटी आत्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचं अडलं. सुईणीने हात टेकले, जालन्याला न्या म्हणाली. रात्री दहाच्या सुमाराला गाडी निघाली. आबा, आजी, मागे आत्या, आणि चालवायला आमचा ड्रायव्हर. त्याचं नाव लिहीत नाही, नातवंडं गावात आहेत. पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल.

अर्ध्या तासाच्या आत गाडीने झटके दिले आणि मेली. सेल्फ फिरतोय, दिवे आहेत, इंजिन पेटत नाही. अर्धा-पाऊण तास गेला, आणि एकदम सुरू झाली. पुन्हा तेवढीच चालली, पुन्हा मेली. असं तीनदा. मधे त्याने पेट्रोलच्या पंपावर ओली फडकी टाकली. पाणी कुठून आणलं? आत्यासाठी घेतलेल्या कळशीतून. त्या वर्षी पाण्याची किंमत काय होती हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आजीने ती गोष्ट शेवटपर्यंत विसरली नाही.

उजाडताना पोचले. आत्या वाचली. बाळ नाही.

आबांनी आठवडाभरात निवाडा केला. ड्रायव्हर पेट्रोल विकून टाकीत रॉकेल ओततो, म्हणून गाडी अशी वागते. पंचायत नाही, चौकशी नाही. त्याला काढलं, आणि गावात जे व्हायचं ते झालं. रॉकेलचोर हे नाव त्याला चिकटलं. त्याला पुन्हा कुणी गाडीवर ठेवलं नाही. तो रोजगार हमीच्या खडीवर गेला.

आणि जूनमध्ये, पहिला पाऊस पडला त्या रात्री, अंगणात उभी असलेली गाडी आपोआप ओरडायला लागली. हॉर्न. जवळ कुणी नाही, किल्ली आबांच्या उशाशी. एकसारखा, बारीक होत जाणारा आवाज. आजी ताडकन उठली आणि म्हणाली, ''लेकरू रडतंय.'' मला ते अजून ऐकू येतं. दोन-तीन रात्री असं झालं. मग आबांनी बॅटरीची तार सोडली. पुढे गाडी क्वचित निघाली, १९७६ मध्ये गोठ्यात गेली ती गेलीच.

आता विजेबद्दल थोडं. (हा माझा आवडता विषय आहे, तेव्हा सहन करा.)

हॉर्नचं भूत सोपं आहे. जुन्या बऱ्याच गाड्यांत हॉर्नला बॅटरीचा करंट कायम पोचलेला असतो, किल्ली असो नसो. आपण बटण दाबतो तेव्हा फक्त त्याची दुसरी तार गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थला, टेकवतो. त्या काळच्या तारांवर कापडी वेष्टण असायचं. ते कुजलं, उंदरांनी कुरतडलं आणि वर पावसाची ओल आली की तार आपली आपण पत्र्याला टेकते. बॅटरी उतरेल तसा आवाज बारीक होतो, लहान मुलासारखा. २०२१ मध्ये मी गाडी बाहेर काढली तेव्हा स्टिअरिंगच्या खाली ती उघडी तार माझ्या बोटाला लागली. पत्र्यावर ठिणग्यांचे काळे डाग होते.

जुन्या गाडीची निम्मी भुतं या अर्थमध्येच राहतात. एक वायर वाचवण्यासाठी गाडीचं अख्खं अंग परतीची तार म्हणून वापरलेलं. अंगाला गंज चढला की करंट भलत्याच वाटेने परततो. इंडिकेटर द्यावा तर टपाचा दिवा लुकलुकतो, ब्रेक दाबावा तर हेडलाइट मंदावतो. इंग्रजी गाड्यांत तर तिसाव्या दशकाच्या मध्यापासून साठच्या दशकापर्यंत बॅटरीचा प्लस अंगाला जोडायची पद्धत होती. पुढे अल्टरनेटर आणि ट्रान्झिस्टर आले तेव्हा ती मोडली. मधल्या काळात किती हौशी लोकांनी नवा रेडिओ उलटा जोडून जाळला असेल देव जाणे.

पण १९७३ च्या त्या रात्रीचं काय? ते भूत हॉर्नमध्ये नव्हतं.

गाडी २०२१ मध्ये जालन्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी चालू केली. ('जालना सोने का पालना' म्हणतात, माझं निम्मं सोनं त्या इंजिनात गेलं.) टाकी धुतली, कार्बोरेटर उघडला, सीबी पॉइंट घासले. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, खोकून खोकून पेटलं. मी गावाबाहेर नेली. वीस मिनिटं गेली असतील, झटके आले आणि बंद. पाऊण तास बांधावर बसलो. मग सेल्फ मारला तर सुरू! अंगावर काटा आला, खरंच सांगतो.

मिस्त्रींनी फोनवरच विचारलं, ''कंडेन्सर बदला था क्या?''

हा कंडेन्सर बोटाच्या पेराएवढा डबा असतो. आत कागद आणि धातूच्या पातळ पत्रीची गुंडाळी. १९१० च्या सुमाराला अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बॅटरीवर चालणारं इग्निशन बसवलं, त्याच तत्त्वावर पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या चालल्या. (हाच तो माणूस, ज्याच्यामुळे १९१२ च्या कॅडिलॅकला सेल्फ स्टार्टर आला.) सीबी पॉइंट म्हणजे एक चिमुकला स्विच. तो उघडला की कॉइलमधला करंट तुटतो आणि त्या झटक्याने हजारो व्होल्टची ठिणगी प्लगमध्ये पडते. मिनिटाला तीन हजार फेरे असले की चार सिलिंडरच्या इंजिनात हे मिनिटाला सहा हजार वेळा घडतं. पण करंट असा सहजी तुटत नाही, उघडणाऱ्या पॉइंटमधून उडी मारतो. कंडेन्सर ती उडी झेलतो. तो नादुरुस्त असला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटमध्येच पडते, पॉइंट जळतात, आणि प्लगवर उरते ती मरतुकडी ठिणगी. या भागाची खोड अशी, की थंड असताना ठीक असतो, तापला की गळतो. निवला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. मिस्त्रीसमोर गाडी नेईपर्यंत तो निवलेला असतो!

तापल्यावर गाडी बंद पडायचं दुसरंही कारण असतं. उन्हाने पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. त्यावर उपाय ओल्या फडक्याचा. आमच्या ड्रायव्हरने तेच केलं. उपयोग झाला नाही, कारण रोग तो नव्हता. पण मे महिन्यात कुठल्याही शहाण्या ड्रायव्हरने पहिल्यांदा तेच केलं असतं.

पद्मिनीचा कंडेन्सर मिळाला, बसवला. जाफराबादला पूर्णा-खेळणाच्या संगमापर्यंत गेलो, किल्ल्याला बाहेरून वळसा घातला, परत आलो. गाडी एकदाही थांबली नाही.

तरी यातून १९७३ चं काही सिद्ध होत नाही. पंचेचाळीस वर्षं गोठ्यात पडलेला कंडेन्सर खराब निघणारच. तो तेव्हाही खराब होता कशावरून? म्हणून मी आबांची वही काढली. आबा गाडीची वही ठेवत. किती मैल, किती लिटर, काय दुरुस्ती. आधी पेट्रोलचा हिशेब मांडला. त्या मेच्या आधीच्या सहा महिन्यांत लिटरला साडेसात-आठ मैल, कुठेही घसरण नाही. आनंद झाला, आणि लगेच मावळला. चोरून तेवढंच रॉकेल भरलं तर सरासरी बिघडणार नाही. म्हणजे हा पुरावा कुचकामी.

पण पान उलटलं आणि तिथे होतं. फेब्रुवारी, ''पाइंट नवे.'' मार्चच्या शेवटी पुन्हा, ''पाइंट जळाले, नवे.'' एप्रिल, ''गाडी तापून बंद. अर्ध्या तासाने चालू. पाइंट घासले.'' एरवी जे हजारो मैल चालायचे ते पॉइंट तीन महिन्यांत तीनदा जळत होते. कंडेन्सरचा उल्लेख कुठेच नाही. कुणी बदललाच नव्हता.

आणि रॉकेलचं म्हणाल तर एक गोष्ट आबांना पक्की ठाऊक होती. आमच्या विहिरीवर रॉकेलचं इंजिन होतं. ते गार असताना रॉकेलवर पेटत नाही म्हणून पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं. हे आबा रोज स्वतःच्या हाताने करत. रॉकेल घातलेली गाडी सकाळी त्रास देईल, धूर सोडेल, आणि तापल्यावर चालेल. आमची फियाट बरोबर उलटी वागत होती. सकाळी अर्ध्या सेल्फला सुरू व्हायची, हे घरात सगळ्यांना आठवतं. आबांना हे दिसलं नाही, की बघायचं नव्हतं, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. मुलीचं मूल गेलेला बाप होता तो. पण एका पोराचं आयुष्य त्याने त्या आठवड्यात खडीवर टाकलं, हेही खरंच.

आबा १९९१ मध्ये गेले. आत्या आहे. तिला वही दाखवली. तिने चष्मा लावून एप्रिलचं पान वाचलं, वही मिटली आणि म्हणाली, ''त्याला सांगितलंस का?''

गेल्या दिवाळीनंतर गेलो. गावाच्या वरच्या अंगाला घर आहे, पुढे टेंभुर्णीचंच एक झाड. सत्त्याहत्तरीचे आहेत आता, दिसतं कमी. मी ओळख सांगितली. बाजेवर जागा दिली, सुनेला चहा सांगितला. मी वही वाचून दाखवली, कंडेन्सर त्यांच्या तळहातावर ठेवला. काका, तुमची चूक नव्हती, असं म्हणायचं ठरवून गेलो होतो. ते वाक्य निघता निघेना.

त्यांनी तो डबा अंगठ्याने चाचपला. बराच वेळ.

''ठिणगी पिवळी पडत व्हती,'' ते म्हणाले. ''पलगची वायर काढून पाह्यली व्हती म्या, कंदिलापाशी. निळी पडाया पायजे. मालकाला म्हनलं, पेट्रोल न्हाई, करंट हाय. पर त्या टायमाला कोन ऐकतं.''

मग विचारलं, ''ताई बऱ्या हायती?''

आहेत म्हणालो. चहा आला. कंडेन्सर त्यांनी परत दिला नाही, आणि मीही मागितला नाही.