पेर्मचा बिशप आणि त्याचीं अक्षरें

धर्मप्रसारकाच्या हातीं कुऱ्हाड दिसावी, यांत इतिहासवाचकास नवल वाटत नाहीं. परंतु त्याच हातानें परक्यांच्या बोलीसाठीं लेखणीहि धरावी, असा योग विरळा. पेर्मचा बिशप स्तेफान याचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

युरोपीय रशियाच्या ईशान्य भागांत, व्हिचेग्दा नदीच्या खोऱ्यांत, कोमी लोकांची वस्ती आहे. चौदाव्या शतकांत हे लोक मुख्यतः शिकारीवर निर्वाह करीत आणि आपल्या लाकडी देवतांना किंमती केसाळ कातडीं वाहत. रशियन लोक या मुलुखास पेर्म म्हणत. स्तेफानाचा जन्म १३४० च्या सुमारास त्या मुलुखाच्या वाटेवरील उस्त्युग गांवीं झाला. रोस्तोव्ह येथील मठांत तो ग्रीक शिकला, आणि १३७२ च्या सुमारास त्यानें कोमी भाषेसाठीं स्वतंत्र लिपि रचिली. तिचीं बरींच अक्षरें ग्रीक व स्लाव्ह वळणाचीं आहेत. कांहींचें वळण मात्र कोमी लोक मालकी दाखविण्यासाठीं लाकडावर ज्या खुणा कोरीत, त्यांवरून घेतलें असावें असें अभ्यासक मानतात. १३७९ मध्यें तो धर्मप्रसारास निघाला, तो ही लिपि बरोबर घेऊनच.

स्वकीयांपैकीं कित्येकांना हें रुचलें नाहीं. सृष्टीच्या सातहजाराव्या वर्षीं, म्हणजे १४९२ मध्यें, जगाचा अंत होणार अशी तेव्हां समजूत होती. अवघीं १२० वर्षें उरलीं असतां नवी लिपि कशाला, आणि हवीच असेल तर रशियन अक्षरें तयार नाहींत काय, असा आक्षेप निघाल्याचें स्तेफानाचा समकालीन चरित्रकार एपिफानी सांगतो.

कोमींचा आक्षेप निराळा होता. मॉस्कोकडून आमच्या वांट्याला कर आणि जुलूम यांखेरीज काय येणार, असें त्यांचा वृद्ध मांत्रिक पाम विचारी. एपिफानीच्या कथेप्रमाणें स्तेफानानें त्याला आपल्याबरोबर अग्नींत शिरण्याचें आव्हान दिलें, पाम कचरला. लोक त्याचा जीव घेण्यास सिद्ध झाले, तेव्हां स्तेफानानें त्यांना आवरलें व पामला हद्दपार केलें. देवतांची मात्र गय झाली नाहीं. मूर्ति त्यानें जाळल्या. तथापि त्यांवरील मोलाचीं कातडीं स्वतःसाठीं न ठेवतां तींहि जाळलीं.

१३८३ मध्यें तो पेर्मचा पहिला बिशप झाला आणि १३९६ मध्यें मॉस्को येथें वारला. पुढील शतकांत मॉस्कोची सत्ता त्या मुलुखावर पक्की बसली; पामची शंका अनाठायीं नव्हती. स्तेफानाची लिपिहि हळूहळू मागें पडली. सर्वांना कळावें म्हणून रचिलेलीं तीं अक्षरें मॉस्कोचे लेखनिक पुढें गुप्त लेखनासाठीं वापरूं लागले! आज कोमी भाषा रशियन वळणाच्याच लिपींत लिहिली जाते.

१४९२ आलें आणि गेलें. जग चालूच राहिलें. कोमी भाषेचे जे सर्वांत जुने लेख आज उपलब्ध आहेत, ते स्तेफानाच्याच लिपींत आहेत. एका जुन्या धर्मचित्रावरील ओळी त्यांपैकींच. ज्यानें त्या लोकांचे देव जाळले, त्याच्याच अक्षरांनीं त्यांची जुनी वाणी राखली, हें विसरतां येत नाहीं.