आयईएम घ्यायचाय? आवाज, फिटिंग आणि किंमत यांचा हिशोब असा मांडा

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावात चांगला इअरफोन घ्यायचा म्हटलं की साधारण दोनच वाटा असतात. एक म्हणजे मोबाइलच्या दुकानात टांगलेल्या पाकिटांमधलं एखादं उचलायचं. दुसरी म्हणजे रिव्ह्यू बघून ऑनलाइन मागवायचं. अडचण दोन्हीकडे सारखीच आहे. घेण्याआधी कानात घालून ऐकून बघायची सोय सहसा नसते. ऑनलाइन घेतलेला इअरफोन एकदा कानात गेला की अनेक विक्रेते तो परत घेत नाहीत. बिघाड निघाला तर बदलून देतात, पण 'आवाज आवडला नाही' हे कारण चालत नाही.

म्हणजे दीड-दोन हजार रुपये न ऐकताच लावायचे. अशा वेळी नेमकं काय बघायचं आणि कशाला भुलायचं नाही, ते समजून घेऊया.

आयईएम म्हणजे नेमकं काय?

आयईएम म्हणजे इन-इअर मॉनिटर. हे मुळात रंगमंचावरच्या कलाकारांचं साधन. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्यासमोर स्पीकर ठेवतात, त्याला मॉनिटर म्हणतात. तोच मॉनिटर लहान होऊन कानात गेला, म्हणून हे नाव. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ हा कानाच्या आत घट्ट बसणारा इअरफोन आणला. १९९५ मध्ये साउंड इंजिनिअर जेरी हार्वी यांनी ड्रमवादक अॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी खास मॉनिटर बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली.

आज 'आयईएम' हा शब्द सैल अर्थाने वापरला जातो. कानाच्या नळीत शिरून ती बंद करणारा, वायर कानावरून मागे जाणारा आणि बहुतेक वेळा वायर सुटी करता येणारा इअरफोन म्हणजे आयईएम. गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी या वस्तूची किंमत एवढी खाली आणली की पूर्वी पाच-सात हजारांत मिळणारा आवाज आता दोन हजारांच्या आसपास मिळू लागला आहे.

आवाज: पखवाज, पेटी आणि टाळ

रिव्ह्यूमध्ये बेस, मिड आणि ट्रेबल हे शब्द सारखे येतात. ते समजायला भजनी मंडळ पुरेसं आहे. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमणारा नाद म्हणजे बेस. गायकाचा आवाज आणि पेटी म्हणजे मुख्यतः मिड. टाळांचा खणखणाट म्हणजे ट्रेबल. चांगल्या आयईएममध्ये तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकमेकींवर न चढता ऐकू येतात.

स्वस्त इअरफोनमध्ये बहुतेकदा बेस आणि ट्रेबल वाढवलेले असतात. पहिल्या पाच मिनिटांत ते जोरदार वाटतं, पण गायक मागे सरकतो आणि तासाभरात टाळ टोचायला लागतात. या प्रकाराला 'व्ही' आकाराचा आवाज म्हणतात, कारण आलेखावर दोन्ही टोकं वर आणि मधला भाग खाली दिसतो.

हा आलेख म्हणजे फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स. न ऐकता खरेदी करणाऱ्यासाठी तो सर्वात उपयोगी कागद. हार्मन कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांवर चाचण्या करून बहुतेकांना आवडेल असा एक आदर्श आलेख मांडला, त्याला हार्मन टार्गेट म्हणतात. एखाद्या मॉडेलचा आलेख या रेषेच्या जवळ असेल तर ते अगदीच निराश करण्याची शक्यता कमी. आवड मात्र ज्याची त्याची. कीर्तन-अभंग ऐकणाऱ्याला आणि डीजेच्या रिमिक्सवर नाचणाऱ्याला एकच मॉडेल आवडेल असं नाही.

डब्यावरच्या दोन आकड्यांना मात्र भुलू नका. पहिला, '४० किलोहर्ट्झपर्यंत आवाज'. माणसाचा कान जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयानुसार ही मर्यादा खाली येते. दुसरा, ड्रायव्हरची संख्या. ड्रायव्हर म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग. डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये छोट्या स्पीकरसारखा पडदा असतो. बॅलन्स्ड आर्मेचर त्याहून लहान असतो आणि सहसा मिड व ट्रेबलसाठी वापरतात. नीट जुळवलेला एक ड्रायव्हर वाईट जुळवलेल्या पाचांपेक्षा सरस ठरतो.

फिटिंग: निम्मा आवाज इथेच ठरतो

'बेसच नाही' ही आयईएमबद्दलची सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार. अनेकदा दोष यंत्राचा नसतो, टिपचा असतो. कानाची नळी पूर्ण बंद झाली नाही तर बेस फटीतून निसटतो आणि आवाज पातळ, पत्र्यासारखा लागतो. डब्यात लहान, मध्यम आणि मोठ्या अशा रबरी टिप येतात. तिन्ही लावून बघा. दोन्ही कानांचा आकार सारखा असेलच असं नाही, त्यामुळे एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात मोठी टिप लागली तरी त्यात चुकीचं काही नाही.

टिप बसवण्याची रीतही सोपी आहे. वायर कानावरून मागे घ्या, दुसऱ्या हाताने कानाची पाळी थोडी वर-मागे ओढा आणि आयईएम किंचित फिरवत आत बसवा. पंख्याचा आवाज एकदम कमी झाला की समजा, नीट बसला.

फोमची टिप आधी चिमटीत दाबून मग कानात घालतात. ती आत फुगते, बाहेरचा आवाज जास्त अडवते, पण लवकर झिजते आणि घामाने खराब होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रोजच्या वापरासाठी सिलिकॉनची टिप बरी. ती धुता येते.

खरेदीआधी दोन मापं जरूर बघा. एक म्हणजे नळीचं तोंड किती जाड आहे, कारण लहान कानात जाड तोंड अर्ध्या तासात दुखायला लागतं. दुसरं म्हणजे बाहेरच्या कवचाचा आकार. आडवं पडून ऐकायची सवय असेल तर मोठं कवच टोचतं.

पैशांप्रमाणे पर्याय

किंमती सतत वर-खाली होतात, म्हणून खालचे आकडे अंदाजाचे समजा.

*हजाराच्या आत:* केझेड ईडीएक्स प्रो. १० मिमीचा एक डायनॅमिक ड्रायव्हर, प्लास्टिकचं हलकं कवच आणि सुटी होणारी वायर. आवाज 'व्ही' आकाराचा, बेस भरपूर. पहिल्यांदाच आयईएम घेऊन बघणाऱ्यासाठी आणि पार्टीच्या गाण्यांसाठी ठीक. लांबच लांब कीर्तन ऐकणाऱ्याला ट्रेबल जास्त वाटू शकतो.

*दोन हजारांच्या आसपास:* खरी चुरस इथे आहे. मूनड्रॉप चू २ हा २०२३ मधला आयईएम. कवच धातूचं आणि लहान, त्यामुळे छोट्या कानांतही बसतो. पहिल्या चूची वायर पक्की होती, ती तुटली की सगळंच गेलं. चू २ मध्ये वायर बदलता येते. आवाज उजळ, गायकी स्पष्ट. त्याच्या समोर उभा आहे सेव्हन हर्ट्झ सॅलनोट्स झीरो २, हाही १० मिमीच्या एका ड्रायव्हरचा. याच्यात बेस थोडा जास्त आणि आवाज ऊबदार, पण कवच चूपेक्षा मोठं. शब्द आणि गळा महत्त्वाचा असेल तर चू २, पखवाज-ढोल भरदार हवा असेल तर झीरो २, असा सोपा हिशोब करता येतो.

*पाच ते आठ हजार:* ट्रूथिअर झीरो रेड हा सिंगापूरचे प्रसिद्ध समीक्षक क्रिनॅकल यांच्यासोबत बनवलेला. यात दोन डायनॅमिक ड्रायव्हर आहेत आणि आवाजाचं कौतुक झालं आहे, पण नळीचं तोंड जाड असल्याने लहान कानांना हा जड जातो. त्याच कंपनीच्या हेक्सामध्ये एक डायनॅमिक आणि तीन बॅलन्स्ड आर्मेचर आहेत. तो वाद्यं वेगवेगळी ऐकवतो, मात्र बेसच्या शौकिनांना कोरडा वाटेल.

*मंचासाठी:* शुअर एसई२१५. शेकडो तपशील ऐकवण्यात तो वरच्या दोघांना हरवेल असं नाही, पण बाहेरचा आवाज अडवण्यात तो भक्कम आहे. कंपनी ३७ डेसिबलपर्यंत आवाज अडतो असं सांगते. कवच चपटं असल्याने मान हलवली तरी जागचा हलत नाही. किंमत सहसा हेक्साच्या वर जाते.

इथे एक लक्षात ठेवा. हजारावरून दोन हजारांवर गेलं की फरक कुणालाही जाणवतो. दोन हजारांवरून आठ हजारांवर गेलं की तो लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाच जाणवतो. अभ्यासिकेत बसून फक्त लेक्चर ऐकायची असतील तर महागाच्या वाटेला जायची गरज नाही.

फोनला जोडायचा कसा?

अनेक नव्या फोनना ३.५ मिमीचं छिद्र नसतं. मग टाइप-सीचं छोटं कन्व्हर्टर, म्हणजे डॉंगल लागतं. त्यात डिजिटल आवाजाचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप असावी लागते. ती नसलेलं स्वस्त डॉंगल काही फोनवर चालतच नाही. अॅपलचं डॉंगल चांगलं मानलं जातं, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी येतो. त्यामुळे बजेट ठरवताना डॉंगलचे पैसे आधीच धरा. कॉलवर बोलायचं असेल तर माइक असलेलंच मॉडेल मागवा, कारण एकच आयईएम माइकसह आणि माइकविना असा दोन प्रकारांत मिळतो.

गेम खेळणाऱ्यांसाठी वायरचा फायदा सरळ आहे. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, वायरमध्ये तो उशीर जाणवत नाही.

ऐकून तपासायचं कसं?

मित्राचा आयईएम हाती आला किंवा नवा घरी पोहोचला, तर तपासणी अशी करा. २०१६ च्या 'सैराट'चं संगीत अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रासह ध्वनिमुद्रित केलं. 'याड लागलं' लावा आणि व्हायोलिनचा ताफा गायकाच्या मागे पसरलेला वाटतो की एकाच ढिगात कोंबलेला, ते बघा. पंडित भीमसेन जोशींचा एखादा अभंग लावा. तानपुरा सतत ऐकू येतो का आणि टाळ टोचतात का, याकडे लक्ष द्या. शेवटी 'झिंगाट' लावा. बेस घुमतो की नुसता गुरगुरतो, ते कळेल.

दोन आयईएमची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जो जास्त मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो आणि निवड तिथेच चुकते. व्हॉट्सअॅपवर दहा वेळा फिरून आलेली फाइल लावून तपासणी करू नका. मूळ आवाजच खराब असेल तर चांगला आयईएम तो खराबपणाच जास्त स्पष्ट ऐकवतो.

भजनी मंडळ आणि ऑर्केस्ट्रासाठी

मंचावर समोरच्या मॉनिटरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. आयईएममुळे तो स्पीकरच काढून टाकता येतो आणि शिट्टीचा धोका बराच कमी होतो. मात्र आयईएमची पिन मिक्सरच्या मॉनिटर आउटमध्ये थेट खुपसू नका. मध्ये हेडफोन अॅम्प्लिफायर लागतो. कमरेला अडकवायचा वायरवाला बेल्टपॅक वायरलेस संचापेक्षा बराच स्वस्त पडतो. अचानक मोठा आवाज आला तर तो अडवणारा लिमिटर चालू ठेवा, कारण इथे स्पीकर दहा फुटांवर नसून थेट कानात आहे. एक कान मोकळा ठेवून गाण्याची सवयही सोडावी. मोकळ्या कानातल्या गोंगाटावर मात करायला दुसऱ्या कानातला आवाज वाढवला जातो.

कान एकदा गेले की गेले

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित धरला जातो. ९० डेसिबलला हीच मर्यादा आठवड्याला फक्त ४ तास होते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणून वेळ दहापट घटतो. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

आयईएमचा खरा फायदा इथेच आहे. रेल्वेच्या डब्यात साध्या इअरफोनवर खडखडाटाच्या वर आवाज चढवावा लागतो. आयईएम खडखडाट अडवतो, त्यामुळे कमी आवाजात भागतं. पण त्याच कारणाने रस्त्यावर, गाडी चालवताना आणि रूळ ओलांडताना तो कानात नको. हॉर्न ऐकूच येणार नाही. काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा ऐकू कमी आलं तर आवाज जास्त होता असं समजा. कान फुटलेला असेल किंवा दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीही कानात घालू नका.

थोडक्यात

आधी वापर ठरवा, मग कानाचं माप बघा आणि आलेख व किंमत शेवटी. रिव्ह्यू एकाचाच बघू नका, कारण काही समीक्षक स्वतःच कंपन्यांसोबत मॉडेल बनवतात. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, बिल जपून ठेवा आणि पाकीट उघडताना व्हिडिओ काढा. बिघडलेला माल बदलून मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. वापरून झाल्यावर टिप पुसा आणि वायर बोटांवर आवळून गुंडाळू नका. एवढं सांभाळलं तर दोन हजारांचा आयईएमही बरीच वर्षं साथ देतो.