लेकहर्स्टची तबकडी

६ मे १९३७ रोजी सायंकाळी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, लेकहर्स्टच्या नौदल-तळावर उतरू पाहणारी ‘हिंडेनबर्ग’ ही जर्मन वायुनौका पेटली आणि मिनिटभराच्या आत तिचा सांगाडा जमिनीवर आला. नौकेवरील ९७ जणांपैकी ३५ आणि तळावरील एक अशी ३६ माणसे त्यात दगावली.

या दुर्घटनेचे चित्रण जेव्हा दाखविले जाते, तेव्हा त्याच्या जोडीने एका निवेदकाचा गदगदलेला स्वर बहुधा ऐकू येतो. चित्र आणि स्वर एकाच यंत्राने टिपले असावेत, असा पाहणाराचा समज होतो. वस्तुतः तसे नाही. पाथे, पॅरामाउंट, मूव्हिटोन आदी वृत्तपटांचे कॅमेरे तेथे सज्ज होते. पण ज्वाला प्रथम उसळली तो क्षण त्यांपैकी एकालाही साधला नाही. स्वर आहे तो शिकागोच्या डब्ल्यूएलएस नभोवाणी केंद्राचे निवेदक हर्बर्ट मॉरिसन यांचा. तो कोरला जात होता एका तबकडीवर, आणि चित्राशी त्याची गाठ पुढे घालण्यात आली.

तबकडीवर ध्वनी कोरणे हे मुख्यतः ध्वनीचे मान राखणे होय. आवाज चढला की कोरणारी सुई अधिक रुंद डोलते, आणि मर्यादा सुटली तर शेजारच्या रेषेत शिरते. आवाज फार खाली ठेवावा, तर तो तबकडीच्या खरखरीत बुडून जातो. या दोहोंमधील वाट आधी आखून ठेवावी लागते, आणि घडत्या घटनेची तर तालीम नसते! लेकहर्स्टला सर्वांची अपेक्षा होती ती एका संथ अवतरणाची.

स्फोटाचा धक्का आला आणि सुई तबकडीत खोल रुतली. मॉरिसन यांचे ध्वनिमुद्रक चार्ल्स नेल्सन यांनी ती चटकन उचलली व पुन्हा हलकेच टेकविली. एवढ्या त्या हातचलाखीमुळे पुढचे निवेदन वाचले. मात्र ऐन स्फोटाच्या जागी तबकडीवर राहिले ते ओरखडेच. शिवाय यंत्र किंचित मंद फिरत होते, त्यामुळे नेहमीच्या गतीने वाजविताना मॉरिसन यांचा मूळचा भारदस्त स्वर उंच व काहीसा उन्मत्त भासतो. हा त्या गृहस्थांवर अन्यायच म्हटला पाहिजे. दुसऱ्या दिवशी एनबीसीने, मुद्रित कार्यक्रम न ऐकविण्याचा आपला दंडक बाजूस सारून, ही तबकडी ऐकविली.

दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, बेल प्रयोगशाळा, सीबीएस व एनबीसी यांनी मिळून सिद्ध केलेला व्हीयू मीटर प्रचारात आला. भाषण व संगीत यांच्या सरासरी मानासाठी तो उत्तम. परंतु त्याच्या काट्याला योग्य जागी पोचण्यास सेकंदाचे तीन दशांश लागतात, आणि आकस्मिक आघात तेवढ्यात होऊनही गेलेला असतो. म्हणूनच आजही समारंभाचे चित्रण करणारे जाणते ध्वनिमुद्रक त्याच ध्वनीची दुसरी नोंद मुद्दाम खालच्या मानावर करून ठेवतात; पहिली फाटलीच, तर ती हाताशी असते.