दरबार सरला, पेढी उरली

सांगलीत गणेश नारायण गाडगीळ यांनी सराफीचा धंदा मांडला १८३२ मध्ये. त्यानंतर दहा वर्षांनी, १८४२ मध्ये, गुस्ताव फाबर्जे याने सेंट पीटर्सबर्ग या रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत जवाहिऱ्याचे दुकान उघडले. गुस्तावचा मुलगा कार्ल याने १८८५ पासून झारच्या घराण्यासाठी रत्नजडित ईस्टर अंडी घडवली आणि फाबर्जे हे नाव जगभर गाजले. पण १९१८ मध्ये बोल्शेविकांनी ही पेढी ताब्यात घेतली आणि १९२० मध्ये कार्ल स्वित्झर्लंडमध्ये परागंदा अवस्थेत वारला. गाडगिळांच्या नावाने मात्र आजही लग्नाचे सोने खरेदी होते.

दरबारावर जगणारा फाबर्जे एकटा नव्हता. पावेल साझिकोव्हने १७९३ मध्ये मॉस्कोत सुरू केलेल्या चांदीच्या कारखान्याने पुढे राजदरबाराची मर्जी मिळवली आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बक्षीसही पटकावले. पण या बड्या कारखान्यांची मोठी कामे राजवाडा, सरदारवाडे आणि चर्च यांच्याकडून येत. १९१७ च्या क्रांतीत ही तिन्ही दारे बंद झाली.

सांगलीतही आधी दरबारच होता. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेच्या काकांपासून वेगळे होऊन १८०१ च्या सुमारास येथे गादी मांडली, गणेशदुर्ग किल्ला बांधला, कृष्णाकाठी गणपतीचे देऊळ उभारले. राजधानी झाली की सोनारकाम आलेच. चोपदारांच्या हातातल्या चांदीच्या काठ्या, चवरीच्या मुठी, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, पानदाने, देवाची प्रभावळ आणि ताम्हणे हा मराठी दरबाराचा नेहमीचा सरंजाम. तो घडवायला ऐरण, फुंकणी, मूस आणि चांगला कारागीर लागे. त्याला पोसायला संस्थानिक लागे.

राजाश्रय किती टिकतो, हे शेजारच्या साताऱ्याने लवकरच दाखवले. इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांचे बंधू शहाजी उर्फ अप्पासाहेब १८४८ मध्ये वारले, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तकविधान नाकारून राज्यच खालसा केले. राजधानीचे शहर बघता बघता जिल्ह्याचे ठाणे झाले.

सांगलीत आश्रय आटल्याची झळ रंगभूमीला लागली. चिंतामणरावांच्या पाठबळावर विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगवले. १८५१ मध्ये राजेसाहेब वारले आणि दरबारचा आधार तुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव दौरे काढले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक जगले ते या तिकिटावर. सराफीनेही हीच वाट धरली, फक्त गाजावाजा न करता.

सराफांचा नवा यजमान होता हळदीचा शेतकरी आणि व्यापारी. सांगलीची हळदपेठ देशभर नावाजलेली. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवून ठेवत. पीक विकले की हातात रोकड येई. बँक दूरची आणि अनोळखी, म्हणून ती रोकड सोन्याचांदीत जाई. १८३५ पासूनचा कंपनी सरकारचा रुपयाही एक तोळा वजनाचा, बाराव्या हिश्शाच्या भेसळीचा. अडीनडीला तोच मुशीत जाई आणि त्याचे वाळे किंवा पैंजण होई. राजाची एक मोठी ऑर्डर आणि शेकडो घरांतली एकेक पुतळ्यांची माळ, यांत दुसरे गिऱ्हाईक पेढीला जास्त वर्षे पुरते.

म्हणूनच ८ मार्च १९४८ रोजी सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तरी पेठ उठली नाही. पुढच्या दशकात सहकारी साखर कारखान्यांचा पैसाही तिच्याकडे येऊ लागला. पुरुषोत्तम नारायण, म्हणजे ‘पु. ना.’ गाडगीळ, यांच्या नावाने ओळखली जाणारी गाडगिळांची हीच पेढी अनंत गणेश तथा दाजीकाका गाडगीळ यांनी १९५८ मध्ये पुण्याच्या लक्ष्मी रोडवरही नेली. पाचच वर्षांत कसोटीची वेळ आली. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सोने नियंत्रण आणले आणि १४ कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले. दरबार गेल्याने न बसलेला फटका सरकारच्या एका हुकमाने बसला. १९६८ मध्ये या नियंत्रणाचा कायदाच झाला आणि तो रद्द व्हायला १९९० साल उजाडले.

या धंद्याची दुसरी बाजू दुकानाच्या काचेआड दिसत नाही. विटा, खानापूर, आटपाडी आणि साताऱ्याकडचे माण, खटाव हा सगळा दुष्काळी पट्टा. १९४९ पर्यंत खानापूर तालुकाही सातारा जिल्ह्यातच होता. पाऊस दगा देई तशी इथली माणसे मूस आणि तेजाब घेऊन बाहेर पडली आणि केरळ-तमिळनाडूपासून उत्तर प्रदेश-पंजाबपर्यंतच्या सराफकट्ट्यांवर स्थिरावली. हे गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे.

गलाईचे शास्त्र पक्के आहे. मोडीत आलेल्या सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून वितळवतात, त्याचे पातळ तुकडे करून तेजाबात टाकतात. चांदी आणि तांबे विरघळतात, सोने तळाला राहते. मग त्याच पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की चांदी पुन्हा साका धरून खाली बसते. या कामात तेजाबाचा पिवळा-तपकिरी धूर छातीत जातो. परगावच्या अरुंद बोळांत पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी तो सोसला. गावाकडची पक्की घरे, देवळांचे जीर्णोद्धार आणि शाळांच्या खोल्या यांत या कमाईचा मोठा वाटा आहे.

फाबर्जेची अंडी संग्रहालयांत आहेत, त्यांवर जाडजूड ग्रंथ आहेत. गलाईचा इतिहास मात्र अजून बराचसा तोंडीच आहे. विटा-आटपाडी भागातल्या कुणाच्या घरी आजोबांची हिशेबाची वही, परगावाहून आलेली पत्रे किंवा जुना काटा असेल, तर ते रद्दीत किंवा मोडीत घालू नये. थोरल्यांना विचारून तारखा आणि गावे आताच लिहून ठेवावीत.