सूकर पुटिका रोग
सूकर पुटिका रोग : (व्हेसिक्युलर एक्झँथिमा). डुकरांना होणारा व्हायरसजन्य सांसर्गिक रोग. यात ताप येऊन मुस्कट, ओठ, जीभ व खुरांच्या वरची कडा या ठिकाणी द्रवयुक्त फोड (पुटिका) येतात. ते फुटून व्रण होतात व जनावर लंगडते. मृत्यूचे प्रमाण अल्प असते. मात्र केवळ लक्षणांवरून हा रोग लाळ्या खुरकूत रोगापासून वेगळा ओळखता येत नाही, आणि त्याचे पुढील परिणाम या साम्यातूनच उद्‌भवले.

दक्षिण कॅलिफोर्नियातील ब्यूएना पार्क येथे एप्रिल १९३२ मध्ये कच्च्या खरकट्यावर पोसलेल्या डुकरांत हा प्रथम आढळला. लाळ्या खुरकूत रोगाच्या १९२४ व १९२९ मधील साथी तेथे विस्मरणात गेल्या नव्हत्या. त्यामुळे तोच रोग समजून हजारो डुकरे मारून पुरण्यात आली. पुढील वर्षी सॅन डिएगो भागातही हेच घडले. गुरांना टोचूनही त्यांना रोग होत नाही, यावरून हा रोग वेगळा असल्याचे स्पष्ट झाले व जे. ट्रॉम यांनी १९३४ मध्ये त्याला स्वतंत्र नाव दिले. ही कत्तल आज अनावश्यक वाटते. परंतु तत्कालीन अधिकाऱ्यांना थांबून पाहण्याचा धोका पतकरणे शक्य नव्हते.

त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हा रोग कॅलिफोर्नियापुरताच राहिला. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाहून येणाऱ्या आगगाडीच्या भोजनयानातील डुकराच्या मांसाचे कच्चे तुकडे वायोमिंगमधील शायेन येथील डुकरांच्या खाद्यात गेले. तेथून ओमाहाच्या गुरांच्या बाजारामार्गे वर्ष-सव्वा वर्षात रोग चाळीसांहून अधिक राज्यांत पसरला. खरकटे शिजवूनच डुकरांना घालावे, असे कायदे राज्याराज्यांत झाले. १९५६ मध्ये न्यू जर्सीत शेवटची लागण नोंदली गेली व १९५९ मध्ये रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. मूळ स्रोत अज्ञात असतानाच हे साधले, हे विशेष.

तो स्रोत समुद्रात असावा, हे १९७२ मध्ये दिसून आले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील सान मिगेल बेटावर गर्भपात झालेल्या समुद्रसिंहांपासून ए. डब्ल्यू. स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक व्हायरस वेगळा केला. डुकरांना टोचल्यावर त्याने हुबेहूब हाच रोग निर्माण केला. दोन्ही व्हायरस कॅलिसिव्हायरस कुलातील असून त्यांच्या पृष्ठभागावर पेल्यासारखे खळगे असतात. पुढे पॅसिफिकमधील फर सील व ओपलआय मासा यांतही असे व्हायरस आढळले. किनाऱ्यावरच्या खरकट्यातील माशांचे टाकाऊ भाग किंवा समुद्री सस्तन प्राण्यांचे मांस यांतून डुकरांना प्रथम लागण झाली असावी, असे मानतात.