मायावतीच्या ग्रहणाची पाळी

कार्तिक-मार्गशीर्षांत रात्रींचीं जेवणें आटोपून गच्चीवर जावें आणि ईशान्येकडे दृष्टि टाकावी, म्हणजे शर्मिष्ठेच्या खालच्या अंगास ययाति नांवाचा तारकापुंज दिसतो. त्यांत मायावती नांवाचा एक ठळक तारा आहे. अरबांनीं त्यास राक्षसाचें शिर म्हटलें, व त्यांच्याच शब्दावरून युरोपांत त्यास अल्गोल म्हणतात. हा तारा दर २ दिवस, २० तास व ४९ मिनिटांनीं मंदावतो. पांचएक तासांत त्याचें तेज तिसऱ्या हिश्शाएवढें उरतें, आणि पुढील पांच तासांत तो पूर्ववत् होतो. कारण असें कीं, हा एकटा तारा नसून जोडी आहे. जोडींतील मंद तारा आपल्या दृष्टीच्या वाटेंत येऊन तेजस्वी ताऱ्यास ग्रहण लावतो. (दूरवर तिसराही एक सोबती आहे, पण या ग्रहणाशीं त्याचा संबंध नाहीं.)

आतां पाहणाराची अडचण ऐका. एका ग्रहणाचा मध्य मध्यरात्रीं आला असें धरूं. पुढच्या ग्रहणाचा मध्य तिसऱ्या दिवशीं रात्रीं पावणेनवाच्या सुमारास येईल. त्यापुढचा सायंकाळीं साडेपांचानंतर. आणि तेथून ओळीनें चार ग्रहणें दिवसाउजेडीं जातील. सहावें सतराव्या दिवशीं पहांटे पांचाला, व सातवें विसाव्या दिवशीं रात्रीं पावणेदोनाला. म्हणजे एका गांवीं बसून सगळीं ग्रहणें पाहीन म्हणणाराच्या पदरीं निम्मीं येणेंही कठीण. त्यांतून ढग, चांदणें व झोप वजा करावयाचीं तीं निराळींच. मीं स्वतः शाळेच्या गच्चीवरून मुलांना हें ग्रहण दाखविण्याचा घाट तीन हिंवाळे घातला. दोन वेळां ढग आले, आणि तिसऱ्या वेळीं नेमकें स्नेहसंमेलनांतलें नाटक आलें. नाटकापुढें ताऱ्याला कोण विचारतो!

हें वेळापत्रक प्रथम उलगडलें तें इंग्लंडांतील यॉर्क शहरच्या दोघां मित्रांनीं. एडवर्ड पिगट याची स्वतःची वेधशाळा होती, चांगल्या दुर्बिणी होत्या. दुसरा जॉन गुडरिक, वय वर्षें अठरा, आणि लहानपणापासून बहिरा. मायावतीचें तेज बदलतें हें इटलींतील मोंतानारी यानें सतराव्या शतकांतच नमूद केलें होतें. परंतु तें कोणत्या नियमानें, हें कोणी सांगितलें नव्हतें. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्रीं गुडरिकला ती मंद दिसली. एखादा ग्रह तिच्याभोंवतीं फिरून तिला झांकीत असावा, ही कल्पना पिगटनें लागलीच मित्रापुढें मांडली. मग दोघे लक्ष ठेवून बसले. पण तारा कांहीं केल्या मंदावेना. तो पुन्हां मंद सांपडला २८ डिसेंबरला! मधल्या शेहेचाळीस दिवसांत सोळा फेरे झाले होते. मधलीं पंधरा ग्रहणें उजेडांत, ढगांत किंवा भलत्या प्रहरीं निघून गेलीं होतीं.

तथापि दोघांनीं पिच्छा सोडला नाहीं. ते आपापल्या नोंदी ताडून पाहत. हातीं आलेल्या ग्रहणांमधील अंतरास फेऱ्यांच्या संख्येनें भागून गुडरिकनें २ दिवस, २० तास, ४५ मिनिटें हा काल काढला. चूक अवघ्या चार मिनिटांची! यांतील युक्ति त्रैराशिक शिकलेल्या मुलालाही समजेल. एकच फेरा मोजतांना अर्धा तास चुकलों, तर सगळी चूक त्याच फेऱ्याच्या माथीं. तीस फेरे एकदम मोजून अर्धा तास चुकलों, तर एका फेऱ्याच्या वांट्यास एकच मिनिट येतें.

मे १७८३ मध्यें हें संशोधन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचलें गेलें, आणि त्याच वर्षीं गुडरिकला कोप्ली पदक मिळालें. योग असा कीं, ड्रेस्डेनजवळचा पालिच नांवाचा शेतकरीही त्याच सुमारास स्वतंत्रपणें या निर्णयास आला होता. हॅलेचा धूमकेतु १७५८ च्या नाताळांत परतला, तेव्हां त्यास प्रथम पाहणारा तोच. पुढें १० सप्टेंबर १७८४ च्या एकाच रात्रीं पिगटला गरुडांतील, तर गुडरिकला स्वरमंडलांतील एक बदलता तारा सांपडला. स्वरमंडलांतला ताराही ग्रहणकारीच निघाला. एप्रिल १७८६ मध्यें रॉयल सोसायटीनें गुडरिकला सभासद निवडलें, आणि त्याच महिन्यांत तो वारला. वय एकवीस. ग्रहणाची कल्पना खरी, हें जर्मनींतील फोगेल यानें वर्णपटाच्या साहाय्यानें १८८९ सालीं सिद्ध केलें.

गुडरिकला कोणाची परवानगी लागली नाहीं. आजच्या मोठ्या दुर्बिणींचें तसें नाहीं. पुणें जिल्ह्यांतील गिरवलीस आयुकाची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण २००६ सालीं उभी राहिली. आणि ती संस्था तर मुळांतच विद्यापीठांना सामायिक साधनें मिळावींत म्हणून स्थापन झालेली. अशा दुर्बिणींसाठीं महिनेच्या महिने आधीं अर्ज करावा लागतो, समिति तो तपासते, मग रात्री वांटून मिळतात. दीर्घिकांचा अभ्यासक म्हणतो, कोणतीही काळोखी रात्र द्या. ग्रहणवाल्याला मात्र अमुक तारखेचे अमुकच तास हवे असतात. दुसरी रात्र त्याच्या कामाची नाहीं. म्हणून त्याचा अर्ज मागें पडतो, हें मला अन्यायाचें वाटतें. पण इतरांची मोडतोड न करतां त्याला कसें सामावून घ्यावें, हा प्रश्नही खराच आहे. लास कुंब्रेस ऑब्झर्वेटरीनें यावर तोड काढली ती अशी: हवाई, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, चिली अशा दूरदूरच्या ठिकाणच्या दुर्बिणी एकाच वेळापत्रकांत गुंफल्या. हें वेळापत्रक गणकयंत्र आंखतें, आणि कोठें ढग आले कीं तें नव्यानें आंखून काम दुसरीकडे सोंपवितें.

सारथी पुंजांत ब्रह्महृदयाजवळ एक तारा आहे, त्याचें ग्रहण सत्तावीस वर्षांनीं येतें व सुमारें दोन वर्षें टिकतें. मागचें २००९ ते २०११ या काळांत झालें. इतके दिवस दुर्बीण कोणती समिति देणार? देशोदेशींच्या हौशी लोकांनीं नुसत्या डोळ्यांनीं त्याच्या नोंदी ठेवल्या. मींही एक वही केली होती. पुढील ग्रहण २०३६ सालीं लागेल. ती वही मीं नातवाच्या कपाटांत ठेवून दिली आहे.